मरीन ड्राइव्हचा कट्टा आणि कोकणातला किनारा : एका अभ्यासभेटीचं प्रकरण

लँडस्केप डिझाइनच्या स्टुडिओत यंदा दिलेला विषय वरवर सोपा होता. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका लहान गावाच्या किनाऱ्यावर लोकांना फिरता-बसता येईल अशी जागा आखायची. गावाचं नाव इथे देत नाही. तसली गावं त्या पट्ट्यात बरीच आहेत आणि सगळ्यांपुढे आज हाच प्रश्न आहे. किनारा वाळूचा. एका अंगाला खाडीचं मुख आणि तिथे तिवरांची दाट पट्टी. मागे सुरूचं बन, त्याच्यामागे माडांच्या बागा आणि घरं. वाळूवर होड्या ओढून ठेवलेल्या, आणि हंगामात अजूनही रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं, लागते.

पहिल्या फेरीतले आराखडे जवळपास सारखेच निघाले. वाळूला खेटून काँक्रीटची भिंत, भिंतीमागे रुंद फरसबंदी, हिरवळीचे तुकडे, कारंजं, गोल छत्र्या, गावाच्या नावाची मोठी रंगीत अक्षरं, सेल्फी पॉइंट, रात्रभर जळणारे उंच दिवे. हे सगळं कुठून आलं असं विचारलं, तर प्रत्येक गटाचं उत्तर एकच : "मॅडम, मरीन ड्राइव्हसारखं."

मला यातलं एक खटकलं. मरीन ड्राइव्हच्या फुटपाथवर हिरवळ नाही, कारंजं नाही, छत्र्या नाहीत. ज्याचं नाव ही मुलं घेत होती ते त्यांच्या कागदावर कुठेच नव्हतं. सगळ्यांनी ते कधी ना कधी पाहिलेलं होतं, फोटो काढलेले होते. पण बघितलं नव्हतं. म्हणून अख्खा वर्ग मुंबईला नेला आणि भेटीसाठी एकच प्रश्न ठेवला : सावली नाही, बाग नाही, करमणुकीचं काही नाही, तरी माणसं इथे तासन्‌तास बसतात ती का? आणि या उत्तरातलं कोकणात न्यायचं काय, इथेच ठेवून जायचं काय?

भेटीचा दिवस ठरवताना सुट्टी बघितली नाही, तिथी बघितली. मुंबईच्या किनाऱ्याला पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती दुपारी बारा-साडेबाराच्या आसपास येते, आणि सकाळी-संध्याकाळी सहाच्या आगेमागे ओहोटी असते. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी, तेव्हा चढ-उतार कमी. म्हणजे पौर्णिमेला पहाटे पोचलं की एकाच दिवसात समुद्राची दोन्ही टोकं उजेडात बघायला मिळतात. कोळ्याच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. आमच्या स्टुडिओत मात्र समुद्र म्हणजे आराखड्याच्या कडेला रंगवलेली निळी पट्टी असतो आणि ती पट्टी कधी हलत नाही. माझ्या मते किनाऱ्यावरची निम्मी चुकीची कामं या एका न हलणाऱ्या पट्टीतून जन्म घेतात.

दुसरा नियम असा की प्लॅन काढायचा नाही, सेक्शन काढायचा. रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या दारापासून समुद्राच्या तळापर्यंत जमीन उभी कापली तर काय दिसेल, ते. मोबाइल दुपारपर्यंत पिशवीत. मोजमाप आधी अंगाने घ्यायचं : गुडघा, वीत, हात, पाऊल. टेप नंतर.

वरून आणि खालून

सुरुवात मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातून केली, कारण मरीन ड्राइव्हची वक्ररेषा खाली उभं राहून नीट समजत नाही. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीला वळसा घालून मलबार हिलच्या पायथ्यापर्यंत सुमारे ३.६ किलोमीटरची ही कमान. वरून दिसलं की मुलं लगेच म्हणाली, निसर्गानेच किती सुंदर आकार दिलाय. तेव्हा सांगावं लागलं की कमानीचा मोठा भाग निसर्गाचा नाही. शंभर वर्षांपूर्वी समुद्र आताच्या चर्चगेट-मरीन लाइन्स रेल्वेच्या अगदी जवळपर्यंत होता. बॅकबेमध्ये, म्हणजे या कमानीसमोरच्या आखातात, भराव घालायचा पहिला मोठा प्रयत्न १८६० च्या दशकातला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या पैशावर कंपन्या उभ्या राहिल्या आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळल्या. चौपाटीकडचा तुकडा, जुन्या नावाने केनेडी सी-फेस, १९१५ मध्ये सुरू झाला. १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात भरावाची योजना पुन्हा हाती घेतली गेली. आखले होते १,१४५ एकर, प्रत्यक्षात झाले सुमारे ४४०. खर्च फुगला, कारभारावर मुंबईतले वकील आणि काँग्रेसचे नेते खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी उघड आरोप केले, त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. नरिमन पॉइंट हे नाव त्यांचंच.

हा इतिहास मी लांबवला नाही, पण टाळलाही नाही. मरीन ड्राइव्हचा आकार हा समुद्राकडून घेतलेल्या जमिनीची शेवटची रेषा आहे. ती रेषा टिकवण्यासाठी भिंत लागली. आधी भिंत, मग बसणारी माणसं. आमच्या मुलांनी हा क्रम उलटा केला होता : बसायला जागा हवी म्हणून भिंत, आणि तीही जिथे समुद्राकडून काही घेतलेलंच नाही अशा वाळूवर.

खाली उतरल्यावर काम खरं सुरू झालं. सकाळच्या ओहोटीला टेट्रापॉड उघडे पडलेले असतात. हे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे १९५० च्या सुमारास फ्रान्समध्ये शोधले गेले आणि त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत आले. एकेकाचं वजन टनांत. ते एकमेकांत अडकतात, पण त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात, आणि सगळी करामत या पोकळ्यांची आहे. सपाट उभ्या भिंतीवर लाट आपटली की जवळपास तेवढ्याच जोराने परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू उकरून नेते. टेट्रापॉडच्या ढिगात तीच लाट शेकडो वाटांनी आत शिरते, फुटते, दमते. एका मुलाने विचारलं, "मग चौपाटीला टेट्रापॉड का नाहीत?" चांगला प्रश्न होता. चौपाटी आखाताच्या आतल्या कोपऱ्यात आहे, तिथे वाळू साचते आणि वाळूचा उतारच लाटेची ताकद काढून घेतो. तेच काम माणसाला काँक्रीटने करावं लागतं, वाळू फुकट करते. हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यांच्या सेक्शनवर लिहून घेतलं.

मग कट्टा. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता. कट्ट्याची उंची अशी की मोठ्या माणसाला टेकता येतं आणि लहान मुलाला हात टेकून चढता येतं. रुंदी एवढी की दोन माणसं पाठीला पाठ लावून विरुद्ध दिशांना तोंड करून बसू शकतात. पाठ टेकायला काही नाही, हात टेकायला काही नाही, मध्ये एकही दांडी नाही, त्यामुळे कुठे बसायचं, किती जणांनी बसायचं, कुणीकडे तोंड करायचं हे बसणारा ठरवतो. बाकाचं असं नसतं. बाकावर बसलात की तोंड कुणीकडे करायचं ते बाक बसवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, आणि तीन जणांच्या बाकावर एक अनोळखी माणूस बसला की उरलेल्या दोन जागा रिकाम्याच राहतात. कट्ट्यावर अंतर हवं तसं कमी-जास्त होतं.

आणखी एक गोष्ट एका विद्यार्थिनीने टिपली, ती मला फार महत्त्वाची वाटते. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या जोडप्यांच्या मागून हजारो माणसं जातात, पण त्यांचा चेहरा कुणाला दिसत नाही. एका खोलीत पाच-सहा माणसं राहतात अशा शहरात, एकटं किंवा दोघंच असण्याची जागा घरात मिळत नाही. ती इथे, भर गर्दीत, नुसती पाठ फिरवून मिळते. यासाठी कुणी झुडपांचा आडोसा केलेला नाही, कोपरे काढलेले नाहीत. आडोशाच्या जागी पोलीस हटकतो, बायकांना असुरक्षित वाटतं. इथे सगळं उघडं असल्यामुळेच सुरक्षित आहे. मागे सतत वाहता रस्ता, त्यापलीकडे राहत्या इमारतींच्या खिडक्या आणि गच्च्या.

त्या इमारतींकडे मुलांचं लक्ष उशिरा गेलं. १९३० आणि ४० च्या दशकांतल्या या आर्ट डेको इमारती, बऱ्याचशा सारख्या उंचीच्या, एका ओळीत. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींसह त्यांचा समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. लँडस्केपच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे सेक्शनची मागची बाजू म्हणून बघावं. फुटपाथ, रस्ता आणि ही सलग रांग मिळून एक मापात बसलेली जागा तयार होते. समोर अथांग मोकळं आणि मागे आटोपशीर उंचीची पाठ. ती रांग नसती तर तोच कट्टा उजाड वाटला असता. ताजं उदाहरण जवळच आहे : कोस्टल रोडलगतचा नवा विहारपथ २०२५ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. रुंद आहे, समुद्र जवळ आहे, पण शहर आणि तो यांच्यामध्ये वेगाच्या वाहनांचा रस्ता आहे, भुयारी वाटेने जावं लागतं, आणि त्याच्याकडे थेट बघणारी दारं नाहीत. तिथे माणसं येतील, येत आहेत, पण जेवण झाल्यावर चप्पल अडकवून सहज खाली उतरावं अशी ती जागा होणं कठीण आहे.

दुपारचा वाद

भरतीच्या वेळी टेट्रापॉड बरेचसे बुडाले. सकाळी जे पायऱ्यांसारखे वाटत होते ते आता पाण्याच्या खाली. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली की लाटा कट्टा ओलांडून रस्त्यावर येतात आणि महापालिका किनाऱ्यापासून लांब राहायला सांगते. हिवाळ्यातल्या त्या शांत दुपारी तेवढं दिसलं नाही, पण कट्ट्याच्या सांध्यांवरचं खाऱ्या पाण्याचं काम दिसलं.

ऊन मात्र सगळ्यांना जाणवलं. कट्टा ओस पडला होता. इथे वर्गात खरा वाद झाला. एका गटाचं म्हणणं : हा डिझाइनमधला दोषच आहे, दिवसातले सहा-सात तास जागा निकामी असेल तर ती यशस्वी कशी? दुसऱ्या गटाचं म्हणणं : झाडं लावली तर समोरचं मोकळेपण जाईल आणि खाऱ्या वाऱ्यात ती जगणारही नाहीत.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. समुद्राला तोंड देणाऱ्या पहिल्या ओळीतलं झाड खारे तुषार थेट झेलतं, त्याचे वाऱ्याकडचे कोंब जळतात, म्हणून किनाऱ्यावरची झाडं जमिनीकडे वाकलेली आणि एका बाजूला वाढलेली दिसतात. शिवाय इथे मुळांखाली भराव आहे. पण सावली हवीच असेल तर ती कट्ट्यावरच का हवी, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. रस्त्याच्या इमारतींकडच्या फुटपाथवर झाडं आहेत आणि दुपारी तिथे माणसंही होती : टॅक्सीवाले, कुरिअरवाले, जेवणाची सुट्टी झालेले कचेरीतले लोक. म्हणजे दुपारची जागा आणि संध्याकाळची जागा वेगळी असू शकते. एकाच पट्टीने चोवीस तास काम द्यावं हा आग्रह आपला आहे, माणसं ऊन बघून सरकतात. दोष मला दिसला तो दुसरीकडे. या दोन जागांच्या मधला रस्ता ओलांडणं म्हाताऱ्या माणसाला आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला फार अवघड आहे. आणि स्वच्छतागृहं मोजकी आहेत, त्याचा भार बायकांवर पडतो. ज्या जागी लोक चार-चार तास बसतात तिथे हे चालवून घेऊ नये. या दोन गोष्टी मुलांच्या पहिल्या आराखड्यांतही नव्हत्या. कारंजं होतं.

संध्याकाळी पुन्हा ओहोटी लागली आणि कट्टा भरला. हिवाळ्यात मधल्या भागातून, म्हणजे मरीन लाइन्सच्या समोरून, सूर्य उघड्या समुद्रात उतरताना दिसतो. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे सरकून मलबार हिलमागे जातो, आणि पाण्यात मावळताना बघायचा तर नरिमन पॉइंटकडे चालत जावं लागतं. नेहमी येणाऱ्यांना हे ठाऊक असतं. आराखड्यावर एकच सनसेट पॉइंट ठोकून देणाऱ्यांनी वर्षभराचा सूर्य एकदा तरी कागदावर मांडावा. वक्ररेषेचा फायदाही याच वेळी कळला. सरळ किनाऱ्यावर चालताना पुढे फक्त दूरचा बिंदू दिसतो. कमानीवर पुढचा सगळा रस्ता, त्यावरची माणसं, आपण जिथे पोचणार ते ठिकाण आणि जिथून निघालो ते, सगळं नजरेत राहतं. साडेतीन किलोमीटर लांब वाटत नाहीत.

दिवे लागल्यावर राणीच्या कंठहाराची गोष्ट निघाली. रात्री वरून दिसणाऱ्या इथल्या दिव्यांच्या माळेचं हे नाव. २०१५ मध्ये इथले पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी बसवले गेले तेव्हा लोकांनी आक्षेप घेतला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नंतर उबदार पिवळसर प्रकाश परत आला. दिव्याचा रंग हाही लँडस्केपचा भाग असतो आणि लोक त्यासाठी भांडतात, एवढं त्यातून मुलांच्या मनात उतरलं.

परतताना एकाने विचारलं, एवढी रिकामी जागा ठेवण्यापेक्षा तिथे काहीतरी करता आलं नसतं का? ४ जुलै २०२४ ला विश्वविजेत्या क्रिकेट संघाची मिरवणूक इथूनच निघाली होती आणि अख्खा रस्ता माणसांनी भरला होता. अनंत चतुर्दशीला चौपाटीवर काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको. मधोमध कुंड्या आणि कारंजी असती तर यातलं काहीच नीट झालं नसतं. जागा रिकामी ठेवणं हाही डिझाइनचा निर्णय असतो, आणि तो घ्यायला सगळ्यात जास्त धीर लागतो, कारण उद्घाटनाच्या फोटोत तो दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा वेळ वांद्र्याच्या कार्टर रोडला गेलो. तिथला विहारपथ स्थानिक नागरिक आणि वास्तुविशारद पी. के. दास यांच्या पुढाकारातून झाला. काठाला खडक आणि तिवरं आहेत, मागे झाडांची सावली आहे, वस्ती अगदी लागून. मरीन ड्राइव्हची नक्कल न करताही माणसं येतात, हे बघायला तेवढं पुरेसं होतं.

गावाचा सेक्शन

स्टुडिओत परत आल्यावर सगळ्यांना आधी गावाचा सेक्शन काढायला लावला, जसा मुंबईचा काढला होता. त्यात पहिल्यांदा वाळू हलायला लागली. कोकणातल्या अशा किनाऱ्यांवर पावसाळ्यात लाटा वाळू खेचून नेतात आणि हिवाळ्यात ती परत येते. या हलत्या पट्ट्यात भिंत बांधली की वाळू परतायची वाट बंद होते, आणि काही वर्षांत भिंतीचा पायाच उघडा पडतो. पहिल्या फेरीतली प्रत्येक भिंत नेमकी याच पट्ट्यात होती.

वर्गात सिंधुदुर्गातली एक मुलगी होती. रापण ओढताना दोन्ही दोरांवरची माणसं वाळूवरून मागे मागे सरकत जातात, हे तिने फळ्यावर काढून दाखवलं. त्यांना लागणारी मोकळी वाळू सेक्शनवर आखली तेव्हा कारंजं आणि छत्र्या थेट रापणकरांच्या पायांखाली येत होत्या. त्यानंतर त्या खोडायला मला सांगावं लागलं नाही.

दिव्यांचं तर उलटंच झालं. सिंधुदुर्गाच्या काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने जातात, आणि मागे दिवे असतील तर समुद्राऐवजी गावाकडे वळतात. मरीन ड्राइव्हला दिव्यांची माळ हे वैभव, इथे तोच अपराध. नव्या आराखड्यांत दिवे बुटके, पिवळसर, झाकलेले आणि फक्त घरांच्या बाजूला आले. कायदाही मुलांनी तेव्हाच नीट वाचला : २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, अधिसूचनेत तिवरं, वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सगळ्यात कडक संरक्षणाच्या गटात आहेत. हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या तिवरांच्या पट्टीभोवती ५० मीटर सोडावे लागतात.

कट्टा मात्र आला, आणि तो यावा असंच मला वाटत होतं. पण काँक्रीटचा नाही आणि वाळूवर नाही. सुरूच्या बनामागे, पायवाटेच्या कडेला, जांभ्याच्या चिऱ्यांचा बसता गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत, तशाच रुंदीचा, दोन्हीकडे तोंड करता येईल असा. होड्या आणि रापणीची माणसं जातात तिथे तो तोडलेला. झाडांची उतरंड किनाऱ्यानेच शिकवली : वाळूवर मर्यादवेल, तिच्यामागे केवडा, मग उंडी आणि करंज, आणि त्यांच्या आडोशाला माड. हिरवळ कुणीच काढली नाही. दोन गटांनी स्वच्छतागृह बाजाराच्या बाजूला घेतलं, तिथे ते फिरायला येणाऱ्यांइतकंच मासळी विकणाऱ्या बायकांच्या कामाचं आहे. माझ्या दृष्टीने त्या आराखड्यांतली ती सगळ्यात चांगली गोष्ट होती.

एका गटाने रंगीत अक्षरं सोडली नाहीत. पर्यटक फोटो काढतात, दुकानदारांना ते हवं असतं, असं त्यांचं म्हणणं. मी ती खोडायला लावली नाही, फक्त वाळूवरून उचलून एसटी स्टँडजवळ न्यायला सांगितली. गावाच्या उत्पन्नाचा प्रश्न खोटा नाही.

ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे आराखडे मांडले तेव्हा, पायवाटेच्या जागेवर बोट ठेवलं गेलं. सुरूच्या बनाची पुढची कड पावसाळ्यात किती खचते हे आमच्यापैकी कुणी मोजलेलं नव्हतं, गावातल्या लोकांची आठवण तेवढी होती. म्हणून बनाच्या कडेपासून वाळूपर्यंत खुणेच्या खुंट्या रोवल्या आहेत. गावातली शाळकरी मुलं दर पौर्णिमा-अमावास्येला वाळू किती खाली गेली ते वहीत लिहितात. ऑगस्टमधल्या उधाणांच्या नोंदी हाती आल्या की पायवाट आणि गडग्याची रेषा ठरवायची, आणि मगच ग्रामसभेत आराखडा मांडायचा, असं ठरलं आहे.